काचेचं तळं वाढलं

त्या काचेच्या तळ्याची फिर्याद माझ्या नोकरीतल्या मोठ्या प्रकरणांत बसणार नाही. खून, दरोडे, मोठमोठे बंदोबस्त मी पुष्कळ पाहिले. तरी निवृत्तीनंतर कोणी ‘एखादी केस सांगा’ म्हटले, की मला सर्वांत आधी तीच सुचते. मागच्या महिन्यात तुमच्यापैकी थोरलीने कुठूनतरी चंद्रपूरच्या काचेच्या गॅलरीचे फोटो शोधून मला पाठवले आणि विचारले, “आजी, हे खरंच आपल्याकडे आहे?” आहे. आणि त्या गॅलरीची हकिगत लिहायची तर ही केस वगळून लिहिता येत नाही. नावे कोणाचीही लिहीत नाही. सगळी माणसे हयात आहेत आणि एकमेकांच्या शेजारीच राहतात.

चंद्रपूरहून मूल गावाकडे जाणाऱ्या रस्त्यालगत एका गावाबाहेर धानाची गिरणी होती. ती बंद पडली, यंत्रे विकली गेली, इमारत उरली. उंच छत, वरच्या बाजूला लांब खिडक्या, आत भरपूर उजेड. ही इमारत एका बाईने भाड्याने घेतली. तिचे आजोबा चंद्रपूरचे, पण ती स्वतः बेंगळुरूत वाढलेली आणि परदेशात काचकाम शिकलेली. वितळलेल्या काचेला आकार देऊन त्यातून शिल्पे करायची, ही तिची कला. मोठ्या शहरात जागा परवडत नव्हती आणि इथे आजोबांच्या ओळखीवर मिळाली, असे तिने मला सरळ सांगितले होते. मी तिला संचालिका म्हणेन.

सुरुवातीला गावकऱ्यांना वाटले की बांगड्यांचा कारखाना निघतो आहे. नोकरीसाठी रांग लागली. आत शिल्पे मांडली गेली तेव्हा लोक बघायला आले, फिरले आणि विचारू लागले, “हे काय कामी येते जी?” पहिल्या वर्षी तिच्या गॅलरीत सर्वांत जास्त आली ती ताडोब्याला जाणारी माणसे, आणि तीही स्वच्छतागृह कुठे आहे ते विचारायला. नंतर त्यांतली काही आत थांबू लागली. वीज गेली की भट्टी थंड व्हायची आणि आतल्या कामाला तडे जायचे. एकदा वानरे वरच्या खिडकीतून आत आली आणि एक पूर्ण मांडणी खाली पाडून गेली. त्या वेळी ठाण्यात फोन आला होता. वानरांवर गुन्हा दाखल होत नाही, हे आमच्या हवालदाराने तिला फार गंभीरपणे समजावले.

मी त्या ठाण्याची प्रमुख होते. आमच्या भागात ठाण्याच्या प्रमुखाला ठाणेदार म्हणतात, म्हणून मी ‘ठाणेदार बाई’.

प्रकरण हिवाळ्यातले. एका सकाळी संचालिका ठाण्यात आली. ती काही दिवस दिल्लीला गेली होती, तिथे होणाऱ्या प्रदर्शनाची तयारी करायला. परतून पाहते तो प्रदर्शनात जाणारे मुख्य शिल्पच जागेवर नाही. चौथरा रिकामा. कुलूप शाबूत, खिडक्या शाबूत. फिर्याद लिहिताना तिने वर्णन सांगितले: काचेचे शिल्प, निळसर हिरवे, पसरट, लग्नातल्या मोठ्या परातीएवढे. नाव इंग्रजी होते, ते हवालदाराने जसे ऐकले तसे देवनागरीत लिहिले, ‘स्टिल वॉटर’. ते करायला तिला वर्ष लागले होते.

“संशय कोणावर?” मी विचारले.

“चाव्या दोघांकडेच असतात. मदतनीस बाई आणि चौकीदार. बाई यात्रेला गेलीय, फोन लागत नाही. चौकीदाराला विचारलं तर म्हणतो, ‘तुमाले माहीत हाये.’ मला काय माहीत आहे? मॅडम, तो माझ्या तोंडावर खोटं बोलतोय. त्याचं नाव लिहा.”

मी नाव लिहिले नाही. अज्ञात इसमाविरुद्ध चोरीचा गुन्हा नोंदवला. ती नाराज झाली. मी एवढेच म्हटले की नाव घालायला एक ओळ पुरते, काढायला फार कष्ट पडतात.

त्याचे एक कारण माझ्या टेबलावरच होते. हा चौकीदार त्याच गावचा, तलावात मासेमारी करणाऱ्या घरातला. पंचविशीच्या आतबाहेरचा. वनरक्षकाच्या भरतीत त्याची निवड झाली होती. धावणे, लेखी परीक्षा, वैद्यकीय तपासणी, सगळे पार पडले होते. चारित्र्य पडताळणी तेवढी राहिली होती आणि ती करायची होती माझ्याच ठाण्याने. त्याच्याविरुद्ध काही गुन्हा दाखल आहे का, एवढ्या एका प्रश्नाचे उत्तर लिहून मला सही करायची होती. मालकाकडची चोरी त्याच्या नावावर लागली असती तर त्याची सरकारी नोकरी तिथेच संपली असती. त्याच्या घरात त्याआधी कोणी सरकारी नोकरीत गेले नव्हते.

त्याच दुपारी गावच्या पोलीस पाटलाचा फोन आला.

“म्याडम, सांगावं का नाई ते समजून नाई राह्यलं. पण काई दिवसांमागं सकाळी मी त्या चौकीदार पोराले सायकलीवर जातांनी पाह्यलं. मागं गाठोडं होतं. लुगड्यात बांधलेलं.”

“कोणत्या बाजूला गेला?”

“तलावाच्या पारीकडे. आन म्याडम, गाठोडं वाजत होतं.”

“वाजत होतं म्हणजे?”

“खणखण वाजे. भांडे असतेत तसं.”

खबर सरळ होती. तरी एक गोष्ट मला तिथेच खटकली. किमती काचेची वस्तू विकायची म्हणून चोरणारा माणूस ती जुन्या लुगड्यात गुंडाळून, खड्ड्यांच्या रस्त्याने, सायकलीच्या कॅरिअरवर का नेईल? आणि अख्खी वस्तू खणखण कशी वाजेल? पण पाटलाने नाव घेतले होते. चौकशी टाळता येत नव्हती. चौकीदाराला बोलावून घेतले.

तो आला, इस्त्रीचा शर्ट घालून. बाप फाटकाबाहेर उभा राहिला. आमच्या ठाण्यात साक्षीदाराला आणि संशयिताला बसायला एकच बाक होता. तो बाकावर बसला नाही, उभाच राहिला.

हवालदार त्याच भागातला, मनाने वाईट नाही, पण चौकशी लवकर आटोपावी अशी त्याला नेहमी घाई. त्याने सुरुवात केली.

“गाठोड्यात काय होतं?”

“तळं होतं जी.”

“काय?”

“तळं.”

“आन घेऊन कुठी गेलता?”

“तळ्यावर.”

हवालदाराने माझ्याकडे पाहिले, मग त्याच्याकडे. “तळ्यावर तळं घेऊन गेलता? मजाक करून राह्यला का बे? वनखात्यात जाच्या आधीच जंगलात हिंडून राह्यला तू.”

“मजाक नाई जी. तळं वाढलं, मनून नेलं.”

“तळं वाढलं? हिवाळ्यात? पाऊस कुठी पडला? तुह्या घरी?”

पोरगा खाली मान घालून उभा राहिला. मी विचारले, “कोणी सांगितलं न्यायला?”

“ताईले माहीत हाये. ताईले इचारा.”

ताई म्हणजे संचालिका. मी तिला बोलावून घेतले आणि त्याच्यासमोर विचारले. ती ताडकन म्हणाली, “मी? मी कशाला माझंच काम घेऊन जा म्हणून सांगेन?” त्यावर त्याने पहिल्यांदा मान वर केली आणि तिच्याकडे बघितले. माझ्या नोकरीत मी रागाने बघणारे, घाबरून बघणारे, हिशेबाने बघणारे सगळे पाहिले. हा मुलगा आश्चर्याने बघत होता. जणू तीच खोटे बोलते आहे आणि ते तिला शोभत नाही.

“नेमकं काय झालं ते पहिल्यापासून सांग,” मी म्हटले.

“सांगतलं ना म्याडम. तळं वाढलं. याच्यापुढं मले बोलवत नाई. घरी माय हाये, भावजय हाये.”

“त्यांचा काय संबंध?”

यापुढे त्याने एक शब्द काढला नाही.

हवालदार मला बाजूला घेऊन म्हणाला, “म्याडम, नेलं मनून कबूल केलं त्यानं. आता काय राह्यलं? अटक करू, दोन दिवसांत माल निंगते.”

कायद्याने तो चुकत नव्हता. वस्तू नेल्याचे त्याने स्वतःच्या तोंडाने सांगितले होते. पण खोटे बोलणारा माणूस प्रश्नागणिक नवी भर घालतो, हा माझा अनुभव. हा मुलगा एकच वाक्य धरून होता, आणि ते वाक्य आपल्याला कळायलाच हवे अशा खात्रीने बोलत होता. दुसरे म्हणजे तो ‘तळं’ हा शब्द दोन अर्थांनी वापरत होता. एक तळे गाठोड्यात मावले होते. मी अटक थांबवली, त्याला बापाबरोबर घरी पाठवले आणि संचालिकेला घेऊन गॅलरीत गेले.

रिकाम्या चौथऱ्याजवळ उभे राहून मी तिला विचारले, “तुमच्या या शिल्पाला इथले लोक काय म्हणायचे?”

“इंग्रजी नाव त्यांना जमायचं नाही. तळं म्हणायचे. दिसायचंही तसंच.”

“आणि ते कशाचं केलं होतं?”

“काचेचं. वापरलेली काच. बांगड्या.”

“कोणाच्या बांगड्या?”

“याच गावातल्या बायकांच्या. माझी मदतनीस घरोघर जाऊन मागून आणायची. प्रत्येकीने हातातली एक एक काढून दिली. मग त्या मी भट्टीत एकत्र जोडल्या.”

फिर्यादीत ‘बांगड्या’ हा शब्द कुठेही नव्हता. तिने सांगितला नाही, कारण तिच्या लेखी ती काच होती. आम्ही विचारला नाही, कारण शिल्प कशाचे असते ते कोण विचारतो. पण तो शब्द कानावर पडला आणि त्या मुलाचे वाक्य माझ्या डोक्यात जागेवर बसले.

आता तुमच्यासाठी थांबून सांगायला हवे. आपल्याकडे बांगडी फुटली असे म्हणत नाहीत. बांगड्या फोडतात त्या नवरा गेल्यावर, म्हणून तो शब्द हातातल्या बांगडीला लावत नाहीत. काम करताना बांगडी तडकली, तुकडे झाले, तर बाई म्हणते, ‘बांगडी वाढली.’ मंगळसूत्राचा धागा तुटला तर तेही वाढले. सगळ्या महाराष्ट्रात हे बोलणे आहे. घरी माय, भावजय आहेत असे तो मुलगा म्हणाला ते याचसाठी: त्यांच्या बांगड्यांना त्याला तो शब्द लावायचा नव्हता. तुमची आई हे सहज बोलते, पण तिकडे परदेशात तुमच्यासमोर बोलायची वेळ कधी आली नसेल.

मी संचालिकेला विचारले, “दिल्लीला असताना मदतनीस बाईचा फोन आला होता?”

“आला होता. पण तो कामाचा होता.”

“काय म्हणाली? आठवतील तसे तिचेच शब्द सांगा.”

“मी जाताना तिला काम दिलं होतं. तळ्याच्या कडेनं सुट्या बांगड्या मांडत जायच्या, म्हणजे ते पसरत गेल्यासारखं दिसेल. तिने फोन करून सांगितलं, ‘ताई, तळं वाढलं जी.’”

“तुम्ही काय म्हणालात?”

“मी म्हटलं, ‘अरे वा! किती वाढलं?’”

“मग?”

“ती म्हणाली, ‘पुरंच वाढलं.’ मी म्हटलं, छान झालं, वाढू दे. मग तिने विचारलं, ‘मंग तळ्यात सोडू का?’ मला वाटलं उरलेल्या बांगड्यांबद्दल विचारतेय. मी म्हटलं, ‘हो, सगळ्या सोड. एकही ठेवू नको.’”

मी तिला बसायला सांगितले आणि ‘वाढणे’ म्हणजे काय ते सांगितले. ती इंग्रजीत काहीतरी पुटपुटली, आणि मग मराठीत म्हणाली, “मी तिला ‘अरे वा’ म्हटलं, मॅडम.”

यापुढचे तपासणे सोपे होते, पण तपासावे तर लागतेच. मदतनीस बाई जातीने कासारीण, बांगड्या भरणे हा तिचा घरचा धंदा. गॅलरीत काम करायची आणि यात्रा आली की दुकान लावायला जायची. त्या वेळी ती चिमूरच्या यात्रेत होती. मी आणि हवालदार साध्या वेषात तिथे गेलो. ती एका नव्या नवरीच्या हातात बांगड्या चढवत बसली होती. हवालदार म्हणाला, “उठा बाई, पोलीस हाओत.”

“असाल तुमी पोलीस. हिचा हात अर्धा भरला हाये. अर्धा हात सोडून उठत असतेत का? बसा तिथी.”

आम्ही बसलो. हात पूर्ण भरून झाला, नवरीने वाकून नमस्कार केला, मग ती आमच्याकडे वळली. मी विषय काढताच तिचा आवाज चढला.

“चोरी? कोन मनते चोरी? सकाळी दार उघडलं त तळं वाढलेलं. आपोआप. कोनाचा हातई नाई लागला. सगळ्या गावच्या सवाष्णींच्या बांगड्या त्याच्यात. मी ताईले फोन केला. त ताई मनते, अरे वा! किती वाढलं मनते! माय वो, अंगावर काटा आला माह्या.”

“मग तुम्ही काय केलं?”

“मी मनलं शहरातली बाई हाये, हिले का फरक पडते. तरी इचारलं, तळ्यात सोडू का. सगळ्या सोड मने, एकई ठेवू नको. मंग लुगड्यात बांधलं, हळदीकुंकू लावलं, आन पोट्ट्याले मनलं नेऊन सोड. कचऱ्यात थोडीच टाकत असतेत? आता तेच ताई पोलीस पाठोते? वा रे वा!”

“मालकिणीला नीट समजलं नसेल असं वाटलं नाही?”

“हेच्याहून नीट कसं सांगू जी? तो दुसरा शब्द घेऊ का मी तोंडात? चाळीस घरच्या बायांचा?”

हवालदार जमिनीकडे बघत होता. परतताना गाडीत तो म्हणाला, “म्याडम, माह्या घरीई असंच मनतेत. त्यानं ठाण्यात तेच सांगतलं, आन मी त्याले पाऊस इचारत बसलो.” मी म्हटले, “तुम्हाला तरी कुठे माहीत होतं की ते बांगड्यांचं आहे.”

आता मुलावरचा संशय गेला होता, पण फाइलवरून गेला नव्हता. फिर्याद गैरसमजुतीतून झाली, गुन्हा घडलाच नाही, असा अहवाल न्यायालयात पाठवायचा, याला आमच्याकडे सी समरी म्हणतात. तो मंजूर व्हायला नुसते तिघांचे जबाब पुरले नसते. वस्तू चोरीला गेली नाही, तलावात आहे, हे पंचांसमोर दिसायला हवे होते. आणि समरी गेल्याशिवाय पडताळणीवर मला निर्धास्तपणे सही करता येत नव्हती. वनखात्याचे स्मरणपत्र येऊन पडले होते.

आम्ही दुपारी तलावावर गेलो तेव्हा पारीवर, म्हणजे तलावाच्या बांधावर, गावच्या बायका आधीच जमल्या होत्या. बातमी पोहोचली होती. त्यांतली एक वयस्क बाई पुढे झाली.

“म्याडम, सोडलेलं काढत नसतेत. पोलीस असो का कलेक्टर. देवाच्या हवाली केलं ते केलं.”

“मावशी, मी ते घेऊन जाणार नाही. पंचांना दाखवायचं आहे.”

“दाखवासाठी बी नाई. माह्या घरचे माणसं रोज याच पाण्यात जातेत.”

बाकीच्यांनी माना हलवल्या. कायद्याने मी ते काढू शकत होते, कोणी अडवले असते तर अडवणाऱ्यावर कारवाईही करू शकत होते. पण ज्या गावात आपल्याला उद्याही जायचे आहे तिथे आज बळ वापरू नये, हे मला नोकरीने शिकवले होते. मी नुसती उभी राहिले.

शेवटी चौकीदाराची आई बोलली. ती मागे बसली होती. नवरा आणि मोठा मुलगा रोज डोंगा घेऊन त्याच तलावात उतरणारे, म्हणजे तिला भीती इतरांपेक्षा कमी नव्हती.

“काढू द्या वो माय. माह्या पोराची नोकरी त्याच्यात गुतली हाये. काढू द्या, पाहू द्या, मंग मी सोताच्या हातानं परत सोडीन. जे पाप लागाचं ते मले लागंल.”

तिने नवऱ्याला नुसती मान हलवून खूण केली. तो पाण्यात उतरला. मुलाने जागा दाखवली आणि थोड्या वेळात लुगड्याचे गाठोडे वर आले. पारीवर ठेवून गाठ सोडली. आत निळे, हिरवे, कुठे लाल तुकडे, कडा वितळून एकमेकांना चिकटलेल्या. संचालिकेने खाली बसून एक तुकडा हातात घेतला, उजेडात धरून पाहिला आणि मला दाखवला. तडा जोडावरून गेलेला होता.

“वेगवेगळ्या कारखान्यांची काच आहे. थंड होताना सगळी सारखी आक्रसत नाही. ताण आतच राहतो आणि एखाद्या थंड सकाळी सुटतो. हे मला माहीत होतं. तरी मला वाटलं की टिकेल.” तिने हे जबाबातही तसेच लिहून दिले.

हवालदार मांडीवर पॅड घेऊन पंचनामा लिहीत होता. सवयीप्रमाणे मोठ्याने म्हणत लिहायचा. “सदर ठिकाणी गाठोड्यात काचेच्या बांगड्या फुट—” आणि तो थांबला, कारण सगळ्या बायकांनी एकदम त्याच्याकडे पाहिले.

“ते नाव नको घेऊ भाऊ इथी,” ती वयस्क बाई म्हणाली.

“मंग काय लिहू? वाढलेल्या लिहिलं त साहेब मनंल, चोरीचा माल वाढला कसा?”

पारीवर पहिल्यांदा हसू आले. चौकीदाराची आईही हसली. मी सांगितले, “तुकडे झालेल्या स्थितीत, असं लिहा.” त्याने लिहिले. फोटो काढले, दोन तुकडे नमुना म्हणून सीलबंद केले, बाकीचे संचालिकेच्या ताब्यात दिले, कारण कायद्याने मालकी तिची. तिने ते तसेच चौकीदाराच्या आईपुढे केले. दोघी मिळून पाण्यात उतरल्या आणि सोडून आल्या.

वर आल्यावर संचालिका त्या मुलासमोर उभी राहिली. “माझं चुकलं. मी तुला चोर म्हटलं.”

तो म्हणाला, “ताई, तुमी आता मराठी शिकता का?”

“शिकते.”

“कोनापाशी?”

“कासारबाईपाशी.”

“मंग शिव्याई येतील,” तो म्हणाला.

तिने पुरवणी जबाब दिला, अहवाल गेला. पडताळणीच्या रकान्यात मी ‘गुन्हा दाखल नाही’ असे लिहिले, शिक्का मारला आणि कागद त्याच दिवशी टपालात घातला. तो सही घ्यायला नव्हे, नुसते विचारायला ठाण्यात आला होता. “झालं का म्याडम?” झालं म्हटले. “मंग मी जाऊ?” म्हणाला, आणि दारापर्यंत चालत गेला. फाटकाबाहेर मात्र तो बापाकडे धावत गेल्याचे मी खिडकीतून पाहिले. आज तो वनरक्षक आहे, बदली होऊन गडचिरोलीकडे गेला आहे.

दिल्लीच्या प्रदर्शनात संचालिकेला दुसरे, लहान काम पाठवावे लागले. तिथून काही मोठे निघाले नाही. पण गॅलरी त्यानंतर बदलली. हातातल्या बांगड्या मागणे तिने बंद केले. कासारणीकडे न खपलेला माल असतो, एकाच कारखान्याचा, तो ती वापरू लागली. शिल्पांची नावे आता आधी मराठीत ठरतात आणि कासारीण नाके मुरडत ती मंजूर करते. थंड करण्याची वेगळी भट्टी आली, मागच्या गोदामात दुसरे दालन झाले. गावातल्या बायका पाहुण्यांना घेऊन येतात आणि ‘हे काय कामी येते’ याचे उत्तर स्वतःच देतात, प्रत्येक वेळी निराळे. थोरलीने पाठवलेल्या फोटोतले निळे पाणी हे दुसरे तळे आहे. ते अजून टिकून आहे.

या केसने मला एक गोष्ट शिकवली ती लिहून ठेवते. तिघांपैकी कोणीही खोटे बोलले नव्हते. कासारणीने पूर्ण खरे सांगितले, मुलाने खरे सांगितले, संचालिकाही खरेच बोलत होती. तीन खऱ्या जबाबांतून एक निर्दोष मुलगा चोर ठरत आला होता. त्यानंतर प्रत्येक चौकशीत मी साक्षीदाराला एक जादा प्रश्न विचारू लागले: तुमच्याकडे याला काय म्हणतात? वेळ जातो, हवालदार चुळबुळ करतात, पण मी तो प्रश्न सोडला नाही.

आणि तुम्हाला एक सांगणे. तुमचे मराठी चांगले आहे. त्या संचालिकेचेही चांगलेच होते. फोनवर मी काही बोलते, मधेच एखादा शब्द तुम्हाला कळत नाही, आणि तुम्ही ‘हो का, छान’ म्हणून पुढे जाता. ते माझ्या लक्षात येते. आजीला वाईट वाटू नये म्हणून तुम्ही तसे करता हेही मला माहीत आहे. करू नका. मला वाईट वाटणार नाही. एक मुलगा सोडवायला माझ्या ठाण्याला तलावात माणूस उतरवावा लागला. त्या दिवशी दिल्लीहून तिने फक्त ‘म्हणजे काय?’ एवढे विचारले असते तरी पुरले असते.